श्रवणमंडळाने ‘प्रायोगिक’ म्हणून काय ऐकावे? नागपूरच्या बाजूने एक धागा

महिन्यातून एकदा दहा-पंधरा जणांनी कोणाच्या तरी घरी जमावे, फोन बाजूला ठेवावेत, एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकावी आणि मग चहा घेत तिच्याविषयी बोलावे. अशा श्रवणमंडळाची पहिली दोन-तीन सत्रे सहसा सुखाने पार पडतात. कुणी किशोरी आमोणकर आणतो, कुणी बीटल्स, कुणी मदनमोहन. चौथ्या सत्राला कोणीतरी म्हणते, ‘या वेळी काहीतरी प्रायोगिक लावू या,’ आणि मंडळाची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

‘प्रायोगिक’ म्हटले की यादी शोधावी लागत नाही, ती तयारच मिळते. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन, जॉन केज, टेरी रायली, ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’चा १९६७ चा पहिला अल्बम, कॅप्टन बीफहार्टचा १९६९ चा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’. यादी वाईट नाही. यांतले प्रत्येक नाव ऐकण्याजोगे आहे आणि ज्याने ते ऐकलेले नाही त्याने अवश्य ऐकावे. अडचण एवढीच की या यादीत कालक्रम आहे, भूगोल मात्र एकाच बाजूचा आहे. धरमपेठेतल्या किंवा महालातल्या खोलीत बसलेला श्रोता या यादीत नेहमी पाहुणा असतो. दुसऱ्याच्या घरात कोणती भिंत कधी पाडली गेली हे तो आदराने ऐकतो. आपल्या घरातही भिंती पाडल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन-तीन तर विदर्भातल्याच माणसांनी पाडल्या, हे त्याला कोणी सांगत नाही. या धाग्याचे म्हणणे त्याविषयी आहे.

आरंभ एका वकिलापासून करावा लागेल. खरे तर दोन वकिलांपासून.

ना. घ. देशपांडे हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी. व्यवसायाने वकील. त्यांची ‘शीळ’ ही कविता गोविंद नारायण जोशी या तरुणाने चालीवर गायला सुरुवात केली. हे जी. एन. जोशीही नागपूरकडचेच आणि कायद्याचेच पदवीधर. १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने त्यांच्या आवाजात ती कविता तबकडीवर आणली. मराठी भावगीताची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून आज तिचाच निर्देश केला जातो.

आता या घटनेत प्रयोग कुठे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आजच्या कानाला भावगीताइतका निरुपद्रवी प्रकार दुसरा नाही. रविवारच्या सकाळी, स्वयंपाकघरात, पोहे परतताना ऐकण्याची ती गोष्ट. परंतु त्या काळची मराठी तबकडी काय गात होती ते आठवून पाहावे. नाट्यपद, ख्याल, ठुमरी, लावणी, भजन. यांतल्या प्रत्येक गाण्यामागे एक जागा उभी होती: रंगभूमी, मैफल, फड किंवा देऊळ. गाणे त्या जागेतून तबकडीवर येत होते. ‘शीळ’च्या मागे अशी कोणतीही जागा नव्हती. पानावर छापली जाणारी आधुनिक कविता, जिला नाटकातला प्रसंग नाही, देवतेचे नाव नाही, तालमीच्या बंदिशीचे कूळ नाही, ती एका माणसाने जवळजवळ बोलल्यासारखी गायली आणि तीन मिनिटांत संपवली. हे गाणे प्रथमच तबकडीसाठी, म्हणजे कोठेही न जाता घरी बसून ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी जन्मले, असे म्हणण्यास जागा आहे. तीन मिनिटे हा तबकडीचा जुलूम होता. लाखेच्या दहा इंची तबकडीची एक बाजू ७८ फेऱ्यांच्या गतीने तीन-साडेतीन मिनिटांत संपे. ख्यालगायकांना त्या मापात बसताना श्वास कोंडल्यासारखे होई. भावगीताने तेच माप स्वतःचे घर म्हणून स्वीकारले.

प्रयोग यशस्वी झाला की तो प्रयोग म्हणून दिसेनासा होतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. म्हणून श्रवणमंडळाने प्रायोगिक ध्वनिमुद्रिका निवडताना ‘हे आज विचित्र वाटते का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. विचित्रपणा फार स्वस्त असतो आणि तो लवकर शिळा होतो. विचारण्याजोगा प्रश्न असा की या ध्वनिमुद्रिकेने तिच्या काळात कोणता नियम मोडला, आणि त्यामुळे कोण रागावले.

‘कोण रागावले’ हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तो फार उपयोगी आहे. आज महाराष्ट्रात ज्या पेटीशिवाय गाण्याची बैठक मांडलीच जात नाही, त्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० मध्ये आपल्या स्टुडिओतून हद्दपार केले होते. तिचे स्वर परके, ठोकळ, मींड न घेणारे, असा आरोप होता. बंदी शिथिल व्हायला १९७१ उजाडावे लागले. तीन दशके एक वाद्य सरकारी माध्यमाला अब्रह्मण्यम् होते, आणि त्याच तीन दशकांत गोविंदराव टेंब्यांच्या परंपरेतले पेटीवादन घरोघर आवडीने ऐकले जात होते. यादी करणारे आणि ऐकणारे यांच्यात एवढे अंतर पडू शकते.

याचे आणखी मोठे उदाहरण मराठी माणसाचेच आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन या त्यांच्या काळातल्या गोष्टी खरोखर मोलाच्या आहेत. असंख्य कलावंतांना त्यांनी अन्न आणि श्रोता दोन्ही दिले. पण जनतेची अभिरुची घडवायची तर चित्रपटगीत दूर ठेवले पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. परिणाम सर्वश्रुत आहे. देशाने रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले, १९५२ च्या अखेरीस अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती काढावी लागली. श्रवणमंडळात जो कोणी पुढल्या महिन्याची ध्वनिमुद्रिका निवडतो, तो त्या संध्याकाळपुरता केसकर असतो. सोबत्यांना सुधारण्याच्या हेतूने निवडलेला अल्बम सोबत्यांना लगेच ओळखू येतो, आणि पुढच्या सत्राला तीन जण कमी येतात.

पुन्हा जोशींकडे वळू. त्यांची गोष्ट भावगीतावर संपत नाही.

१९३८ मध्ये ते ‘एचएमव्ही’च्या मुंबईच्या शाखेत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून गेले आणि पुढची तीनेक दशके काचेच्या पलीकडे बसले. त्या काळातल्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या आहेत. ज्याला तबकड्यांच्या जगात रस आहे त्याने तो ग्रंथ वाचावा. दरम्यान तंत्र बदलले. अमेरिकेत १९४८ मध्ये बाजारात आलेली लाँग प्लेइंग तबकडी भारतात रुळायला दशकभर गेले. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे. ख्यालगायकाला आता श्वास घेता येणार होता, आणि बहुतेक कंपन्यांनी तिचा उपयोग तेवढाच केला: आधी तीन मिनिटांत गुदमरलेला राग आता वीस मिनिटे मोकळा झाला. एलपी म्हणजे मोठी तबकडी, एवढाच तिचा अर्थ लावला गेला.

जोशींनी १९६७ मध्ये तिचा वेगळा अर्थ लावला. त्यांच्या निर्मितीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ध्वनिमुद्रित झाला. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काबरांची, तबला माणिकराव पोपटकरांचा. कल्पना अशी की काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडावा. अहिर भैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. प्रहरांप्रमाणे राग बदलतात, हा नियम जुनाच. त्या नियमाचाच कथानक म्हणून उपयोग करणे, आणि एका तबकडीच्या दोन बाजूंवर पूर्ण दिवस बसवणे, हे नवे होते. मैफलीत हे शक्यच नाही. पहाटेचा राग आणि रात्रीचा राग एकाच बैठकीत चाळीस मिनिटांच्या आत गायचा म्हणजे श्रोत्याने उठून जावे. तबकडीवर मात्र ते शक्य होते, कारण तबकडीला स्वतःचा प्रहर नसतो. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याला एलपी हे माध्यम समजले होते.

वाद्येही पाहावीत. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले साथीचे वाद्य. त्यावर मींड निघत नाही, म्हणून त्याला रागसंगीतात स्थान नाही, असे जाणकारांचे मत होते. शिवकुमारांनी १९५५ मध्ये मुंबईत ते मंचावर आणले त्यानंतरही ही कुरबुर बरीच वर्षे चालू होती. गिटार तर सरळसरळ परदेशी. काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य, पण हातातले वाद्य हवाईयन धाटणीचे, मांडीवर आडवे घेऊन वाजवायचे. बासरीला पन्नालाल घोषांनी प्रतिष्ठा मिळवून दिली होती, तरी हरिप्रसाद तेव्हा मुख्यतः चित्रपटांच्या स्टुडिओतले वादक म्हणून ओळखले जात. म्हणजे शास्त्रीय पंक्तीत ज्यांचे पान थोडे आडबाजूला मांडले जाई अशी तीन वाद्ये एकत्र करून ही ध्वनिमुद्रिका घडली. तिशीच्या आतबाहेरचे तरुण वादक, आणि त्यांच्या पाठीशी तीन दशके तबकडीच्या धंद्यात घालवलेला विदर्भातला एक भावगीतगायक.

तिचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ती जगभर गेली, आणि मग हॉटेलांच्या दर्शनी दालनांत, विमानतळांवर, दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत पसरली. आज तिचे पहिले सूर ऐकले की कित्येकांना संगीत आठवत नाही, रांगेत उभे राहणे आठवते. प्रयोगाचा असा शेवट भावगीताच्या शेवटासारखाच आहे, फक्त स्वयंपाकघराऐवजी लॉबी. श्रवणमंडळ ज्या कामासाठी असते ते नेमके इथे सापडते. ही ध्वनिमुद्रिका पार्श्वभूमीतून उचलून खोलीच्या मध्यभागी ठेवावी आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे: एक वाद्य दुसऱ्याच्या हाती गाणे सोपवते तो सांधा. संतूरचा झंकार विरतो तिथे बासरी कशी उचलते, गिटारची घसीट ज्या स्वरावर थांबते तिथून दुसरा काय घेतो. जुगलबंदीतली चढाओढ इथे जवळजवळ नाही. तीन माणसे एकाच माणसाचा दिवस सांगत आहेत. एक सूचना: सीडीच्या पुढच्या आवृत्तीत मूळ तबकडीबाहेरचे जादा तुकडे जोडले आहेत. पहाडी संपल्यावर यंत्र बंद करावे. मेंढपाळ झोपला आहे.

१९६७ हे वर्ष श्रवणमंडळासाठी जणू हाताशी आणून ठेवलेले आहे. ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’चा पहिला अल्बम त्याच वर्षीचा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, नागपूरचे, रंजन कलामंदिराचे. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, ज्यांचा जन्म मूर्तिजापूरचा आणि गाण्याची पहिली तालीम नागपूरला शंकरराव सप्र्यांकडची. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. दोन घराण्यांच्या वैराचे हे नाटक घराण्याच्या शुद्धतेवरच प्रश्नचिन्ह लावते, आणि ज्या गायकाने ते गाजवले त्याचीच गायकी कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत मावत नाही असा आक्षेप आयुष्यभर घेतला गेला. नागपूरने पुढे त्यांच्या नावाचे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये उभारले. आक्षेप घेणाऱ्यांच्या नावाचे एकही सभागृह असल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

आणि त्याच १९६७ मध्ये नागपूरच्या माणिक गोडघाटे यांचा, म्हणजे ग्रेस यांचा, ‘संध्याकाळच्या कविता’ हा पहिला संग्रह आला. दुर्बोधतेचा शिक्का बसलेला हा कवी. त्याच्या कवितांना पुढे हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या, १९८९ च्या ‘निवडुंग’ या चित्रपटातून त्या घराघरांत पोचल्या, आणि ज्यांनी दुर्बोध म्हणून पुस्तक मिटले होते तेच लोक त्या ओळी गुणगुणू लागले. अर्थ कळला म्हणून की चाल कळली म्हणून, हा वाद मंडळाने एक संध्याकाळ घालण्याजोगा आहे. मेहकरच्या कवितेपासून ग्रेस यांच्या कवितेपर्यंत अर्धशतकाहून अधिक अंतर पडते आणि दोन्ही टोकांना विदर्भातली आधुनिक कविता आणि ध्वनिमुद्रण समोरासमोर आलेले दिसते. हा योगायोग कदाचित नसेलही, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

आता पश्चिमेच्या यादीकडे. तिला बाहेर काढण्याचा हट्ट येथे नाही. तिची मुळे किती अडाणीपणाने लपवली जातात, एवढेच दाखवायचे आहे.

‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’च्या गाण्यांत व्हायोला एकच सूर लांबवर धरून राहतो, आणि त्या घुमणाऱ्या स्वरामुळेच तो अल्बम आजही अंगावर येतो. तो व्हायोला जॉन केलचा. केल त्याआधी ला माँट यंग या संगीतकाराच्या मंडळीत होता, जिथे तासन् तास एकच धरलेला स्वर वाजवला जाई. आणि यंगच्या डोक्यात तो स्वर शिरला त्याचे एक कारण म्हणजे अली अकबर खाँसाहेबांची १९५५ ची अमेरिकेत निघालेली एलपी, जिच्यावर येहुदी मेन्युहिन यांनी प्रास्ताविक केले होते. पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि यंग व टेरी रायली त्यांचे रीतसर शिष्य झाले. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँचे शिष्य, घराणे किराणा. हेच ते घराणे, ज्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, ज्याच्या छायेत सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी घडले. तानपुऱ्याच्या जोडीत बुडून एकेका स्वराला न्याहाळत राहण्याची जी सवय मराठी श्रोत्याला तीन पिढ्यांपासून आहे, तीच न्यूयॉर्कहून ‘मिनिमलिझम’ या नावाची चिठ्ठी लावून परत येते आणि नागपूरचा तरुण तिला परकी व अवघड समजून दबकत ऐकतो. याला काय म्हणावे!

केज यांची कथा अधिकच बोलकी आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. केजनी त्यांना पाश्चात्त्य प्रतिस्वर-रचना शिकवायची आणि त्यांनी केजना भारतीय संगीत, असा सौदा ठरला. पैशाचा व्यवहार नाही. संगीत कशासाठी असते याचे उत्तर केज पुढे जन्मभर ज्या शब्दांत देत राहिले ते त्यांना गीताबाईंकडून, म्हणजे गीताबाईंच्या गुरूंकडून मिळालेले होते: मन शांत व स्थिर करावे, म्हणजे ते दैवी प्रभावाला ग्रहणशील होते. १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी तारांत खिळे, स्क्रू आणि रबर अडकवलेल्या पियानोसाठी रचलेल्या सोनाटांमागे भारतीय रसविचार आहे, हे त्यांनीच सांगितले आहे. आठ स्थायी रस आणि शेवटी शांत. ज्या श्रोत्याने शाळेत नवरसांची नावे घोकली आहेत त्याला या रचनेत शिरायला परदेशी टीपांची गरज पडू नये.

आणि याच गीताबाई दोन दशकांनी पुन्हा दिसतात. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केले. १९७२ नंतर सारे थांबले. फिती कपाटात राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, त्यांचे संकलन बाहेर पडले. मुंबईच्या चरणजित सिंग यांचेही असेच. चित्रपटांच्या वाद्यवृंदातला हा माणूस १९८२ मध्ये नवी जपानी यंत्रे घेऊन बसला आणि दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बांधून ‘एचएमव्ही’साठी अल्बम केला. कोणी घेतला नाही. शिकागोत ‘ॲसिड’ म्हणून ओळखला गेलेला ध्वनी त्याच जातीच्या यंत्रातून पुढे पाच वर्षांनी निघाला. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली तेव्हा आपल्या वृत्तपत्रांना चरणजित सिंग कोण ते कळले.

दोन्ही शोध बाहेरच्यांनी लावले. त्यात त्यांचा दोष काहीच नाही, उलट ऋणच मानावे. पण ज्या गोष्टी कपाटात होत्या त्या आपल्या कपाटात होत्या. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली. तिच्या सभांतून जुन्या तबकड्या जाहीरपणे वाजवल्या जात, त्यांची माहिती छापली जाई. सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. श्रवणमंडळ नावाची गोष्ट महाराष्ट्रात कॅफेतून आलेली नाही. पुण्याच्या गायन समाजापासून, कोल्हापूरच्या देवल क्लबपासून ती आहे. एकोणिसाव्या शतकातल्या त्या संस्थांत बसून ऐकायची रीत आधी ठरली, तबकडी नंतर आली.

आता सर्वांत अवघड भाग. नागपुरात ‘अवाँ-गार्द’ या शब्दाचा विचार करायचा तर त्याचा मूळ अर्थ विसरता येत नाही. फ्रेंच लष्करी भाषेतली ती आघाडीची तुकडी. मग या शहराच्या गाण्यात आघाडीवर कोण होते? १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दीक्षाभूमीच्या आवारात दरवर्षी जे गाणे उसळले ते कोणत्याही प्रायोगिक यादीत नसते. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे आणि ज्यांची नावे कॅसेटच्या कागदाबरोबर फाटून गेली असे असंख्य गायक. धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या शेजारी मांडलेल्या कॅसेटींच्या दुकानांनी जेवढा श्रोतृवर्ग घडवला तेवढा कोणत्याही संगीत सभेने घडवला नसेल. कॅसेट स्वस्त होती, घरी नक्कल करता येत होती, आणि मोठ्या कंपनीच्या काचेपलीकडच्या अधिकाऱ्याची संमती तिला लागत नव्हती. जोशींसारखा मर्मज्ञ अधिकारी नशिबाने मिळतो. अशा अधिकाऱ्याशिवाय चालणारे माध्यम ही निराळी क्रांती.

तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. धाडसी आशय म्हणजे आपोआप ध्वनीचा प्रयोग नव्हे. पुष्कळ भीमगीते प्रचलित चित्रपटगीतांच्या चालींवर आहेत, आणि त्यांचे सामर्थ्य नेमके त्या ओळखीच्या चालीत आहे: चाल आधीच सर्वांच्या तोंडी असते, तिच्यात बाबासाहेबांचे नाव बसते. हे तंत्र चतुर आहे, पण मंडळाने भीमगीत केवळ औदार्य म्हणून, यादी समतोल दिसावी म्हणून लावले तर तो गायकाचा अपमान ठरेल. ऐकायचे तर ज्या ठिकाणी रूप मोडते तिथे ऐकावे. विठ्ठल उमपांचे ‘जांभूळ आख्यान’ घ्यावे. महाभारतातली द्रौपदी, लोककथेतले तिचे कर्णाविषयीचे गुपित, आणि एकच पुरुष वाघ्या-मुरळीच्या जागरणापासून गोंधळापर्यंतची सगळी भांडी उलथीपालथी करत ती कथा उभी करतो. आवाज क्षणात स्त्रीचा, क्षणात देवाचा. पश्चिमेत असे काही घडले असते तर त्यावर प्रबंध निघाले असते. उमपांनी २०१० च्या नोव्हेंबरात अखेरचा श्वास घेतला तो नागपुरातच, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावर. शहराने त्यांच्या आवाजाशी एवढे तरी नाते मानावे.

झाडीपट्टीतली दंडार आणि खडी गंमत यांविषयी इथे लिहिणे टाळले आहे. एका परिच्छेदात उरकण्याजोगे ते प्रकरण नव्हे.

शेवटी व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी, कारण मंडळे तत्त्वावरून क्वचित मोडतात, व्यवहारावरून मोडतात. लावण्याआधी व्याख्यान नको. ज्याने ध्वनिमुद्रिका आणली त्याने वर्ष आणि कलावंत सांगून गप्प बसावे. एलपी असेल तर बाजू बदलताना जो अर्धा मिनिट मिळतो त्यात कोणी बोलू नये, तोही रचनेचा भाग आहे, मेंढपाळाची दुपार तिथेच कलते. निवड आळीपाळीने व्हावी आणि सर्वांत लहान सभासदाची पाळी टाळली जाऊ नये. ज्याला आवडले नाही त्याने तसे म्हणावे, मात्र पूर्ण ऐकून.

आणि एका परदेशी ध्वनिमुद्रिकेला एक आपली अशी जोडी लावावी, एकाच रात्री. यंग यांच्या धरलेल्या स्वरापाठोपाठ अब्दुल करीम खाँची ७८ फेऱ्यांची झिंझोटी. केजच्या पियानोनंतर गीता साराभाईंची अहमदाबादची फीत. ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ संपल्याबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’, एकाच वर्षाच्या दोन टोकांची माणसे म्हणून. याला पूरक एक खराखुरा दुवाही आहे: जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या ‘एचएमव्ही’ स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी आला तेव्हा वादकांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते. म्हणजे मेंढपाळाचा दिवस आणि लंडनची रात्र एकाच कंपनीच्या स्टुडिओच्या दारातून आत गेली होती.

पहिले सत्र मात्र ‘शीळ’चे असावे. एकच बाजू, तीन मिनिटे. ती तीनदा लावावी: एकदा शब्दांसाठी, एकदा आवाजासाठी, आणि तिसऱ्यांदा दिवा घालवून, जणू यापूर्वी मराठीत कोणी असे गायलेलेच नाही अशा कानाने.